मागचं दार बंद झाल्यावर: सायकिॲट्री रेसिडेन्सीचा एक अर्ज, दोन हंगाम

"सायकिॲट्री टाक, तिथं बाहेरच्यांना पटकन मिळते." अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, मिळवू पाहणाऱ्यांसाठीचा हा सल्ला महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांच्या होस्टेलांत सीनियरकडून ज्युनियरकडे अजून जातो. एके काळी त्यात तथ्य होतं. अमेरिकेतले पदवीधर या शाखेकडे फारसे वळत नसत, लहान शहरांतल्या हॉस्पिटलांच्या जागा रिकाम्या राहत आणि भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स, नायजेरियातून आलेले डॉक्टर त्या भरत. आज अमेरिकेत काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास परदेशी पदवीधर आहेत, ते बरंचसं त्या काळामुळे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र तिथल्याच विद्यार्थ्यांना ही शाखा आवडायला लागली. जागाही वाढल्या, २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देणाऱ्या वार्षिक प्रक्रियेत, पहिल्या वर्षाच्या २,२०० हून जास्त होत्या. पण त्या जवळजवळ सगळ्या भरल्या आणि त्यातला आपला वाटा आक्रसला.

मी अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ आहे आणि रेसिडेन्सीचे अर्ज वाचायला बसतो. वाचणाऱ्या प्रत्येकाला तो होस्टेलमधला सल्ला माहीत असतो; काही जण स्वतःच त्या वाटेने आलेले असतात. त्यामुळे परदेशी पदवीधराचा अर्ज उघडला की गुणांच्याही आधी मनात येतं: हा इथं मुद्दाम आलाय, की दुसरीकडे जमलं नाही म्हणून? पुढचं प्रकरण या एका शंकेचं आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. अनेक अर्जांत, फोनवरच्या बोलण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेल्या गोष्टी एकत्र करून बेतलेलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उमेदवाराला डॉ. स. म्हणू.

पहिला हंगाम

डॉ. स. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजची. एमबीबीएसची इंटर्नशिप २०२० मध्ये, ऐन कोविडच्या तोंडावर संपली. सरकारी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्याला वर्षभराचा बाँड असतो, म्हणजे सरकारी सेवेची सक्ती; तेव्हा तो मोडला तर दहा लाख भरायचे. तिने तो भरला नाही, केला. आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून एक वर्ष काढलं. त्यानंतर नीट-पीजी दिली, मनासारखा रँक आला नाही, आणि मग यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकी वैद्यकीय परवान्यासाठीच्या 'स्टेप' परीक्षांच्या, मागे लागली. स्टेप १ चे गुण जाऊन फक्त पास-नापास झालं ते २६ जानेवारी २०२२ पासून. ती त्यानंतर बसली, पास झाली. स्टेप २ सीके मध्ये, म्हणजे रुग्णोपचाराच्या ज्ञानाच्या पुढच्या परीक्षेत, २०२३ च्या वसंतात २३८. वाईट नाही, पण नजर खिळावी असंही नाही. स्टेप १ चा आकडा गेल्यापासून सगळा भार सीके वर आला आहे, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

क्लिनिकल स्किल्सची जुनी परीक्षा, ती अमेरिकेत जाऊन द्यावी लागणारी, २०२१ मध्ये कायमची बंद झाली. त्याऐवजी परदेशी पदवीधरांना सर्टिफिकेट देणाऱ्या ईसीएफएमजी या अमेरिकी संस्थेचे पाथवे, म्हणजे पात्रता सिद्ध करायचे मार्ग, आणि इंग्रजीसाठी ओईटी ही परीक्षा आली. या बदलाने आपल्याकडच्या मुलांचा एक महागडा प्रवास वाचला, पण त्यामुळेच सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांची रांगही लांबली.

सप्टेंबर २०२३ मध्ये तिने अर्ज भरला. कसा भरायचा हे सांगायला टेलिग्रामवरचे ग्रुप होते आणि पैसे घेऊन सल्ला देणारा एक जण होता. त्याने सांगितलेलं सगळं तिने केलं. इंटर्नल मेडिसिन आणि सायकिॲट्री, दोन्हीकडे अर्ज, "एकीकडे तरी लागेल." एका खासगी क्लिनिकमध्ये फी भरून दोन महिने ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे नुसतं बघत शिकणं, तीही इंटर्नल मेडिसिनची, कारण ती लवकर मिळत होती. वर्गणी भरून एका 'रिसर्च ग्रुप'मध्ये नाव, आणि त्यातून वर्षभरात सात शोधनिबंध: दोन हृदयरोगावर, एक त्वचारोगावर, एक लहान मुलांच्या लसीवर, आणि असेच. बाँडच्या वर्षाबद्दल सल्लागार म्हणाला, "ते गॅपसारखं दिसतं, एका ओळीत उरकून टाका." ती ओळ अशी होती: मेडिकल ऑफिसर, ओपीडी, लसीकरण, कोविड ड्युटी.

हा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मी काय वाचलं असतं, ते सांगतो. सात निबंध, सातांचे सात विषय, प्रत्येकावर दहा-बारा नावं. शिफारसपत्रं चार, त्यात मनोविकारतज्ज्ञाचं एकच, आणि ते कॉलेजच्या प्राध्यापकांनी लिहिलेलं: "प्रामाणिक, कष्टाळू, वक्तशीर." आपल्याकडची पत्रं अशीच असतात, लिहिणाऱ्याच्या मनात खरोखर आदर असतो, पण समितीला त्यातून माणूस दिसत नाही. पर्सनल स्टेटमेंट आजोबांच्या स्मृतिभ्रंशापासून सुरू होऊन 'मन हे अथांग आहे' अशा वळणावर संपणारं. एकूण अर्जात मनोविकाराशी संबंध असलेली गोष्ट शोधायला लागावी अशी अवस्था. अर्ज ज्या ऑनलाइन यंत्रणेतून येतात त्या ईआरएएसमधून तिने आणखी कुठल्या शाखेत अर्ज केला हे आम्हाला दिसत नाही. दिसायची गरज पडत नाही.

मुलाखती दोन आल्या, दोन्ही शाखांत एकेक. सायकिॲट्रीच्या मुलाखतीत विचारलं गेलं, कुठला पेशंट अजून आठवतो? तिने नैराश्याची एक रुग्णा सांगितली: झोप नाही, भूक नाही, एस्सिटालोप्रॅम सुरू केलं, सहा आठवड्यांनी फरक पडला. उत्तर बरोबर होतं. त्यात ती बाई कोण, काय करते, घरी कोण आहे, यातलं काहीच नव्हतं.

११ मार्च २०२४, मॅच वीकचा सोमवार. मॅच झाली नाही. त्या आठवड्यात उरलेल्या जागांसाठी सोप नावाची फेरी असते, जास्तीत जास्त पंचेचाळीस प्रोग्रॅमांना अर्ज करता येतो. सायकिॲट्रीच्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच जागा उरतात आणि त्यांवर हजारो तुटून पडतात. तिथंही काही झालं नाही. त्या वर्षी अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी, सगळ्या शाखा मिळून, ५८.५ टक्के मॅच झाले होते. उरलेल्या एक्केचाळीस टक्क्यांतल्या बहुतेकांचे गुण पास होण्याच्या रेषेच्या बरेच वर होते.

जे अर्जात नव्हतं

एप्रिलमध्ये तिने मला पहिल्यांदा फोन केला, ओळखीच्या ओळखीने. "सर, सीके पुन्हा देता येत नाही ना?" पास झालेली स्टेप पुन्हा देता येत नाही. मग तिने स्टेप ३, म्हणजे शेवटची परीक्षा, देऊन टाकू का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी बाँडच्या वर्षाचं सांग.

त्या एका ओळीमागे काय होतं ते तासभर ऐकत राहिलो. केंद्राच्या हद्दीत कापूस आणि सोयाबीन. पावसाळ्यात फवारणीचं औषध पिऊन आलेले पेशंट, बहुतेक मोनोक्रोटोफॉस. जीपमधून आणायचे, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस. पोट धुवायचं, ॲट्रोपिन चालू करायचं, मेडिको-लीगलची नोंद, पोलिसांना कळवायचं, आणि १०८ मध्ये घालून जिल्ह्याला पाठवायचं. वाचले तर आठवड्याने गावात परत. त्या सगळ्या प्रवासात त्याला 'का' असं कुणी विचारलेलं नसायचं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतो, पण मेडिसिनच्या वॉर्डातून त्याच्यापर्यंत पेशंट पोचण्याआधीच नातेवाईक घरी घेऊन जातात. पेरणी असते, बदनामीची भीती असते.

एक माणूस तीन महिन्यांत दुसऱ्यांदा आला आणि वाचला नाही. त्यानंतर तिने शंभर पानी वही घातली. औषध पिऊन वाचलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, आशा ताईंचा नंबर. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी आशा ताई सहज म्हणून घरी जायच्या आणि संध्याकाळी फोनवर सांगायच्या. "मॅडम, तो जेवतोय, पण शेतात जात नाही." "त्याची बायको म्हणते, रात्रीचा उठून बसतो." ज्याचं बरं नाही त्याला ती स्वतः केंद्रात बोलवायची. मराठवाड्यातले आठही जिल्हे राज्याच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आहेत. आत्महत्येचा धोका असलेल्या शेतकऱ्यांना आशांमार्फत हेरायचं आणि समुपदेशनाला जोडून द्यायचं, असा तो २०१५ पासूनचा कार्यक्रम. त्याचे फॉर्म केंद्रात पडलेले होते. तिने ते भरून घ्यायला सुरुवात केली, इतकंच.

संपर्कात राहण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यासलेली आहे. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाशी एकदा नीट बोलायचं आणि नंतर ठरावीक अंतराने दीड वर्ष संपर्क ठेवायचा. त्या अभ्यासात चेन्नईही होतं. तिला हे माहीत नव्हतं. तिने वही घातली कारण एक माणूस हातचा गेला होता.

हे ऐकून मला सल्लागाराचा राग आला, हे लपवत नाही. सात उसन्या निबंधांसाठी जागा होती आणि या वहीसाठी नव्हती.

आणखी एक गोष्ट अर्जात येणं शक्यच नव्हतं. पहिला अर्ज गेल्यावर पैशांची चणचण होती म्हणून नोव्हेंबर २०२३ पासून ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी मेडिकल ऑफिसर झाली होती. मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स आणि ती, असा चमू आठवड्यातून दोनदा ग्रामीण रुग्णालयांत ओपीडी करायचा. तिच्या लेखी ती मधल्या काळातली नोकरी होती.

एकाच शाखेवर

दुसऱ्या हंगामात तिने इंटर्नल मेडिसिन सोडलं. हा निर्णय सोपा नव्हता आणि प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणणार नाही. तिच्या घरी वडिलांनी सरळ विचारलं, "दोन्हीकडे टाकलं तर काय बिघडतं?" बिघडतं ते अर्ज लिहिताना. दहा अनुभव लिहायला जागा, त्यातले तीन महत्त्वाचे म्हणून खुणावायचे. दोन शाखांना पुरेल असं लिहायला गेलं की प्रत्येक वाक्य दोन्हीकडे थोडं थोडं खोटं होतं.

वेळही अडचणीचा होता. बऱ्याच प्रोग्रॅमांना पदवी मिळून पाच वर्षांपेक्षा जास्त झालेला उमेदवार नको असतो. तिची पदवी २०२० ची. सप्टेंबर २०२४ चा अर्ज हा त्या चाळणीतून जाणारा शेवटचा.

जुलै-ऑगस्टमध्ये बिनपगारी रजा टाकून ती आठ आठवडे अमेरिकेत गेली. एक महिना विद्यापीठाशी जोडलेल्या हॉस्पिटलच्या सायकिॲट्री वॉर्डात, एक महिना कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटरमध्ये. ऑब्झर्व्हरला पेशंटला हात लावता येत नाही, नोट लिहिता येत नाही. मागे उभं राहायचं. असं मागे उभं राहून शिफारसपत्र कसं मिळवायचं, हा ऑब्झर्व्हरशिपचा खरा पेच आहे. तिने एक गोष्ट बरी केली: राऊंड संपला की विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही, पण विचारलं तर टाळायचं नाही. एकदा डिस्चार्जवर चर्चा चालू असताना वरिष्ठांनी तिला सहज विचारलं. ती म्हणाली, पेशंट घरी जायला तयार आहे असं म्हणतोय, पण भाऊ खोलीत आल्यापासून त्याने एकदाही तिकडे पाहिलं नाही. डिस्चार्ज दोन दिवस पुढे गेला आणि भावाबद्दलची वेगळीच गोष्ट बाहेर आली. हा प्रसंग त्यांच्या पत्रात जसाच्या तसा आला. असं एक पत्र 'कष्टाळू, वक्तशीर' वाल्या चारांना भारी पडतं.

जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांनाही तिने पत्र मागितलं. मी तिला म्हटलं होतं, सरांना विशेषणं लिहू नका म्हणून सांग, ओपीडीतला एखादा दिवस लिहा म्हण. ते आधी जरा नाराज झाले. मग त्यांनी दीड पान लिहिलं.

सात निबंधांपैकी पाच तिने काढून टाकले. उरलेल्या दोनांत तिचं खरं काम होतं, त्यांच्यावर प्रश्न आला तर बोलता आलं असतं. वहीचं काय करायचं हा प्रश्न नाजूक होता. नैतिक समितीच्या परवानगीशिवाय त्या नोंदींचा शोधनिबंध करणं चूक, आणि मागच्या तारखेची परवानगी मिळत नसते. म्हणून वहीला संशोधन म्हणायचं नाही असं ठरलं. काम म्हणून लिहायचं: काय पाहिलं, काय सुरू केलं, कुठं अडलं. तिची बदली झाल्यावर ती वही पुढे कुणी चालवली नाही, हेही तिने लिहिलं. मला विचाराल तर अर्जातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच होतं.

प्रोग्रॅम निवडण्यात तिने बराच वेळ घातला. सायकिॲट्रीचे साडेतीनशेच्या वर प्रोग्रॅम आहेत. पहिल्या खेपेला तिने दिसेल तिथं अर्ज टाकले होते. आता तीन गोष्टी पाहिल्या: जे-१ या एक्स्चेंज व्हिसावरचे उमेदवार घेतात का, सध्याच्या रेसिडेंटांत परदेशी पदवीधर किती आहेत, पदवीच्या वर्षाची अट काय. सत्तर उरले. त्या हंगामात पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी अकरा डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला तीस, म्हणजे एकूण १,५३० डॉलर. रुपयांत सव्वा लाखाच्या वर. परीक्षांची फी, ओईटी, विमान, दोन महिन्यांचं राहणं हे सगळं वेगळं. कंत्राटी पगारात हे बसत नाही. बहिणीच्या लग्नाची एफडी मोडली होती, ती अजून भरून निघालेली नाही.

याशिवाय सिग्नल. आपल्याला कुठले प्रोग्रॅम खरंच हवेत हे उमेदवाराने आधीच कळवायचं, असा प्रकार सायकिॲट्रीत २०२२ च्या हंगामापासून आहे. सुरुवातीला पाच होते, २०२४ च्या हंगामात दहा झाले. शेकड्यांनी अर्ज येत असताना सिग्नल नसलेला अर्ज वाचायला अनेक ठिकाणी वेळच उरत नाही. आपली मुलं हे दहा सिग्नल मोठ्या नावांवर उधळतात. डॉ. स. ने दोन मोठ्या ठिकाणी दिले आणि आठ अशा ठिकाणी, जिथं ग्रामीण भाग जोडलेला आहे आणि तिच्यासारखे लोक आधी घेतले गेले आहेत.

मुलाखती

सात आल्या. सगळ्या ऑनलाइन; तिकडचे सकाळचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात इकडचे संध्याकाळचे सात, नेमकी वीज जायची वेळ. तिने जिल्ह्याच्या ठिकाणी मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये बसून दिल्या, इन्व्हर्टर असलेल्या.

तयारी करताना मी तिची पाठ केलेली उत्तरं मोडायचा प्रयत्न केला. आपल्याकडे तोंडी परीक्षेची सवय असते: प्रश्न आला की थांबायचं नाही, थांबलं की गुण गेले. मनोविकारशास्त्राच्या मुलाखतीत समोरचा तुम्ही थांबता कसे हेही बघत असतो. पेशंटची गोष्ट सांगताना निदान शेवटी आलं तरी चालतं.

एका मुलाखतीत कायद्याचा विषय निघाला. तिने सांगितलं की भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतो, त्याला शिक्षा करता येत नाही, उलट उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरतं; १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही; आणि तरीही तिच्या केंद्रात पहिला फोन पोलिसांना जायचा, मनोविकारतज्ज्ञाला नाही. समोरच्या प्राध्यापिकेने मग त्यांच्या राज्यात पेशंटला सक्तीने दाखल करण्याबद्दल स्वतःहून बोलायला सुरुवात केली. मुलाखत तिथं संपली आणि दोन डॉक्टरांचं बोलणं सुरू झालं, असं डॉ. स. नंतर म्हणाली.

अवघड प्रश्न दुसऱ्याने विचारला. "तुमच्या जिल्ह्यात डॉक्टर नाहीत म्हणता, मग तुम्ही इकडे का येताय?" भारतात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नाही, हे तिनेच अर्जात लिहिलं होतं. तिचं उत्तर असं होतं: नीट-पीजीत मला माझ्या शाखेची जागा मिळाली नाही, हे पहिलं कारण. दुसरं, मला सायकोथेरपी नीट शिकायची आहे, वरिष्ठांनी माझी सेशन ऐकून चुका काढाव्यात असं. दिवसाला शंभर पेशंटच्या ओपीडीत ते होत नाही. मी परत जाईनच असं आज वचन देऊ शकत नाही. हे शेवटचं वाक्य म्हणू नकोस, असं मी तिला आधी सांगितलं असतं. ऐकल्यावर मत बदललं. 'मायदेशाची सेवा करायला परत जाणार' हे वाक्य समितीने इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावर कुणी टिपणही करत नाही. पण तिच्या उत्तराने मूळ प्रश्न सुटला असं नाही. तो माझ्याही बाबतीत सुटलेला नाही.

यादी, मॅच, व्हिसा

मार्चच्या सुरुवातीला पसंतीची यादी द्यायची असते आणि इथं हुशार मुलंही घोळ घालतात. "तिथं आपण लागणार नाही, मग वर कशाला टाकायचं?" मॅचचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालतं, आणि त्यांनी ते चक्क लग्न जुळवण्याच्या उदाहरणाने मांडलं होतं. ॲल्विन रॉथ यांनी त्यात सुधारणा करून ते १९९८ पासून उमेदवाराच्या बाजूने चालवलं. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडच्या स्थळं बघण्याशी ताडून पाहिलं तर फरक कळतो. इथं मोठं स्थळ आधी विचारलं म्हणून मधलं हातचं जात नाही. वरच्याने नाकारलं तर खालच्याकडे तुमची पत तेवढीच राहते. म्हणून मनात आहे त्याच क्रमाने लिहायचं.

तिने सातही लिहिले. विद्यापीठाचा एक प्रोग्रॅम तिने चौथ्या जागी ठेवला, कारण तिथल्या रेसिडेंटांशी बोलताना थेरपीच्या सुपरव्हिजनबद्दल सगळे गुळमुळीत बोलले. १७ मार्च २०२५ च्या सोमवारी मॅच झाल्याचं कळलं, २१ तारखेच्या शुक्रवारी कुठं ते. मिडवेस्टमधलं एक कम्युनिटी हॉस्पिटल, तिच्या यादीत तिसरं. तिने सिग्नल दिलेल्या आठांपैकी एक.

गुण तेच २३८. पदवी वर्षाने आणखी जुनी. नवी परीक्षा एकही नाही. तेव्हा फरक अर्जाने पाडला असं म्हणण्याचा मोह होतो, आणि माझं मत साधारण तेच आहे. तरी त्याच वर्षी सिग्नल दुप्पट झाले होते, अमेरिकेतला अनुभव या खेपेला शाखेतलाच होता आणि शेवटी तीन-चार माणसांच्या समितीला त्या दिवशी ती आवडली. यातलं काय किती मोजायचं हे एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही.

व्हिसाने शेवटपर्यंत छळलं. जे-१ साठी ईसीएफएमजी प्रायोजक. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागतं, म्हणजे या शाखेच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि ही शिकून परत येईल, असं सरकारने लिहून द्यायचं. तो कागद आला. मग २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसांच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. १ जुलैला कामावर हजर व्हायचं, आणि पोर्टलवर तारीखच नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं, डॉक्टरांना आधी घ्या अशी सूचनाही निघाली. ती मुंबईच्या वकिलातीत जाऊन आली आणि थोडी उशिराच पोचली. प्रोग्रॅमने ओरिएंटेशन सांभाळून घेतलं. सगळ्यांचे प्रोग्रॅम असं करत नाहीत.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी तिने हट्ट धरला नव्हता, त्याला स्टेप ३ आधी लागते आणि ती फक्त अमेरिकेतच देता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावण्याचं फर्मान निघाल्यावर हा विषय पुढच्या तुकड्यांसाठी आणखीच वेगळा झाला आहे. जे-१ ची किंमत अशी की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात जावं लागतं, किंवा कॉनरॅड योजनेखाली डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून ती अट माफ करून घ्यावी लागते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीसच जागा. बहुतेक जण दुसरं करतात.

पहिलं वर्ष साधारण अर्धंच सायकिॲट्रीचं असतं, बाकीचं इतर शाखांचं: किमान चार महिने मेडिसिन किंवा तत्सम, दोन महिने न्यूरॉलॉजी. अमेरिकी सहकाऱ्यांना हे महिने नकोसे होतात. डॉ. स. ला रात्रीच्या वॉर्डाची सवय आहे, तिला तिथं कुणी शिकवावं लागलं नाही. कॉम्प्युटरवरच्या नोट लिहिण्यात मात्र ती सगळ्यांच्या मागे असते. स्टेप ३ ती याच वर्षात देणार आहे. तिसऱ्या वर्षानंतर बालमनोविकाराच्या फेलोशिपकडे वळता येतं, म्हणजे एकूण पाच वर्षांत दोन्ही होतं. त्याचा अर्ज करायचा की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही, कारण तो पुन्हा मॅचमधूनच जातो आणि एफडी अजून तशीच मोडलेली आहे.